शाळा तपासायची तर गाव तपासले पाहिजे

आपल्याकडे शाळेची तपासणी होते, गावाची होत नाही. शाळेत खोल्या किती, शौचालये किती, पट किती, गुरुजी किती, याची नोंद दरवर्षी वर जाते. केंद्रप्रमुख येतात, विस्तार अधिकारी येतात. पूर्वी साहेबांचा दौरा निघाला की गावात कोंबडे कापले जायचे, आता ऑनलाइन माहिती भरून घेतली जाते, एवढाच काय तो फरक. पण ही शाळा ज्या गावाच्या पोटात बसली आहे, त्या गावाने तिचे काय केले, कोणाला आत घेतले, कोणाला उंबऱ्यावर ताटकळत ठेवले आणि कोणी आपली मुले काढून नेली, याचा रकाना कोणत्याही सरकारी फॉर्मात नाही. तो रकाना आपल्यालाच आखावा लागेल. मी तालुक्याच्या गावी महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवतो. गेली काही वर्षे विद्यार्थ्यांना घेऊन भोवतालच्या जिल्हा परिषद शाळा पाहत हिंडतो आहे. त्यातून आणि थोड्याफार वाचनातून जे हाती आले, ते कार्यकर्ते, विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यापुढे ठेवतो.

हे आजच का मांडायचे, असे कोणी विचारील. कारण उघड आहे. तपासणीच्या निकालावर आता शाळेचे जगणे-मरणे ठरू लागले आहे. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवायचा निर्णय राज्य सरकारने घेतला. २०२३ साली 'समूह शाळा' हा शब्द आला आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. राज्यात अशा शाळा चौदा हजारांहून अधिक आहेत. विरोध झाला, काही ठिकाणी पावले मागे घेतली गेली, पण विचार गेलेला नाही. या विचाराचे मोजमाप एकच: पट. पट कमी, म्हणजे शाळा निकामी.

परंतु पट कमी का झाला, हे कोण विचारणार? आम्ही पाहिलेल्या बहुतेक गावांत उत्तर डोळ्यांसमोर असते. सकाळी सात-साडेसातला पिवळी गाडी गावाच्या वेशीत येऊन उभी राहते आणि बागायतदारांची, नोकरदारांची, दुकानदारांची मुले घेऊन तालुक्याच्या इंग्रजी शाळेकडे निघते. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची ट्रक येते आणि ऊसतोडीच्या कोयत्यांबरोबर त्यांची मुले कारखान्याकडे जातात. मागे उरतात ती ज्यांना पिवळी गाडीही परवडत नाही आणि ट्रकमध्येही जायचे नाही अशांची मुले. बौद्धवाड्यातली, मातंगवाड्यातली, एखाद्या पारधी वस्तीवरची. ज्यांना दुसरीकडे जाता येत नाही त्यांचीच शाळा कमी पटाची ठरते, आणि ती बंद झाली की दूर जाण्याची सक्ती नेमकी त्यांच्यावरच येते. प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत, असा नियम आहे. पण किलोमीटर नकाशावर मोजतात. मध्ये ओढा आहे का, वाट कुणाच्या वस्तीवरून जाते, दहा-अकरा वर्षांच्या मुलीला त्या वाटेने एकटी पाठवायला आई धजेल का, हे नकाशात दिसत नाही.

मोजणे ही आपल्या चळवळीला नवी गोष्ट नाही. १८८२ साली महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्याचा गाभाच हिशेबाचा होता: सरकारचा महसूल कोणाच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च कोणाच्या वाट्याला जातो. १९२७-२८ च्या सुमारास बाबासाहेबांनी मुंबई इलाख्यातले शिक्षणाचे आकडे विधिमंडळापुढे आणि सायमन कमिशनपुढे ठेवले. प्राथमिक शिक्षणात पुढारलेल्या हिंदूंच्या दर हजार लोकसंख्येमागे ११९ विद्यार्थी आणि मागासवर्गीयांच्या दर हजारामागे १८. सरासरी काढली असती तर इलाखा शिकतो आहे असेच दिसले असते. बाबासाहेबांनी सरासरी फोडली. कोणत्याही मूल्यमापनाची पहिली अट तीच आहे. शाळेचा एकूण पट, एकूण हजेरी, एकूण निकाल हे आकडे वस्तीवार, जातवार आणि मुलगे-मुलीवार फोडल्याशिवाय स्वीकारायचे नाहीत. एखाद्या शाळेची हजेरी उत्तम दिसते आणि फोडून पाहिली की न येणारी सगळी मुले एकाच वस्तीची निघतात. मग ती शाळा उत्तम कशी?

सरकारी मूल्यमापनात गावाचा उल्लेखच नाही असे मात्र म्हणता येणार नाही. 'शाळासिद्धी' या नावाने देशभर जी स्वयंमूल्यमापनाची पद्धत आली, तिच्यात सात क्षेत्रे आणि ४६ मानके आहेत आणि शेवटचे क्षेत्र समाजाच्या सहभागाचेच आहे. पण त्या कागदावरचा 'समाज' एकसंध असतो. तो लोकवर्गणी देतो, रंग देतो, टीव्ही संच भेट देतो, स्वातंत्र्यदिनाला खाऊ वाटतो. त्या समाजाला जात नसते, शेत नसते, शेताचा मालक आणि मजूर नसतो. गावाने शाळेला किती दिले हे तिथे लिहिता येते, शाळेच्या निमित्ताने गावातल्या कोणी कोणाचे काय अडवले हे लिहिता येत नाही. आणि 'सुंदर शाळा' ठरवण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हापासून भिंतींवरच्या चित्रांना जेवढे भाग्य आले आहे, तेवढे भिंतींआडच्या मुलांना आले असते तर बरे झाले असते.

गावासकट शाळा तपासणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण आपल्या वाचकांनी नीट समजून घेण्यासारखे आहे. ते अमेरिकेतले आहे. आपल्याकडे १९७२ साली दलित पँथरने नाव घेतले ते तिथल्या काळ्यांच्या चळवळीवरून. काळ्यांचे साहित्य आपण वाचतो, पण त्यांच्या खेड्यातल्या शाळेची लढाई आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही.

तिथे शाळांचा कारभार 'स्कूल डिस्ट्रिक्ट' नावाच्या स्थानिक घटकाकडे असतो आणि पैशाचा मोठा भाग तिथल्याच मालमत्तेवरच्या करातून येतो. साउथ कॅरोलायना राज्यातली क्लॅरेंडन काउंटी हा कापसाचा मुलूख. लोकसंख्येत काळे बहुसंख्य, जमीन आणि शाळांचे विश्वस्तपद गोऱ्यांकडे. गोऱ्या मुलांसाठी तीस बसगाड्या होत्या, काळ्या मुलांसाठी एकही नाही. मुले मैलोन्‌मैल चालत. पालकांनी स्वतः वर्गणी काढून एक जुनी बस घेतली. ती सतत मोडायची, म्हणून पेट्रोलपुरते तरी पैसे द्या अशी विनंती केली. ती नाकारली गेली. जोसेफ डिलेन या शिक्षक-धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने लेव्ही पिअर्सन या शेतकऱ्याने बससाठी दावा लावला. तो १९४८ साली फेटाळला गेला, कारण काय, तर त्याची जमीन दोन डिस्ट्रिक्टच्या हद्दीवर होती आणि तो कर भरत होता वेगळ्या डिस्ट्रिक्टमध्ये. कागद कसा माणसाला मारतो, हे आपल्या लोकांना निराळे सांगायला नको.

मग मागणी वाढली. बस नव्हे, सगळेच समान द्या. मग तीही मागे पडली आणि अलग शाळाच नकोत, असा दावा उभा राहिला. खटल्यासाठी हॉवर्ड विद्यापीठातले मॅथ्यू व्हाइटहेड हे शिक्षणतज्ज्ञ क्लॅरेंडनच्या शाळा तपासायला गेले. त्यांनी इमारती पाहिल्या, बाके मोजली, पाण्याचा नळ आहे का पाहिले, संडास पाहिले. काळ्यांच्या शाळेत नळ नव्हता, संडास बाहेर मातीचे होते. आकड्यांत सांगायचे तर १९४९-५० साली काउंटीत गोऱ्या मुलामागे १७९ डॉलर खर्च होत होते आणि काळ्या मुलामागे ४३. त्याच काउंटीत केनेथ क्लार्क या मानसशास्त्रज्ञाने मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवून, अलग ठेवल्याने मुलाच्या मनात स्वतःविषयी काय घडते ते तपासले. म्हणजे तपासणी इमारतीपाशी थांबली नाही, ती मुलाच्या मनापर्यंत गेली. १९५१ साली खटला उभा राहताच सरकारी वकिलाने पहिल्यांदाच उठून शाळा असमान आहेत हे कबूल करून टाकले आणि सुधारणेसाठी मुदत मागितली. दोन न्यायाधीशांनी ते मान्य केले. इमारती समान करा, अलगपण राहू द्या. तिसरे न्यायाधीश वेअरिंग यांनी विरोधी निकालपत्र लिहिले आणि अलगपण हेच विषमतेचे रूप असल्याचे म्हटले. हा खटला पुढे 'ब्राऊन' खटल्यात सामील झाला आणि १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतले अलगपण घटनाबाह्य ठरवले.

पण शाळेबरोबर गाव तपासायचे म्हटले की खरी गोष्ट निकालपत्राबाहेर असते. ज्या हॅरी ब्रिग्ज यांचे नाव खटल्याला होते, त्यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. पत्नी एलायझा यांची मोटेलमधली नोकरी गेली. पिअर्सनला गोऱ्या सावकारांनी उधारी बंद केली, पीक उभे असताना काढणीला यंत्र कोणी दिले नाही. डिलेन यांचे घर जळाले, पुढे चर्च जळाले, शेवटी त्यांना राज्य सोडून पळावे लागले. किराणा बंद, पाणी बंद, मजुरी बंद, दळण बंद, हा आपल्याकडचा बहिष्कार ज्यांनी भोगला त्यांना याचे भाषांतर करून द्यावे लागणार नाही. आणि १९६५ साली काळी मुले खरोखरच गोऱ्यांच्या शाळेत येऊ लागली, तेव्हा गोऱ्यांनी काय केले? खासगी शाळा काढली आणि आपली मुले तिकडे नेली. सार्वजनिक शाळा काळ्यांची झाली आणि गरीब झाली. १९९३ साली त्या राज्यातल्या गरीब ग्रामीण डिस्ट्रिक्टांनी पुन्हा दावा लावला, त्याची सुनावणी क्लॅरेंडनमध्येच झाली आणि २०१४ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकार आपले घटनात्मक कर्तव्य पार पाडत नाही असा निकाल दिला. तीन वर्षांनी त्याच न्यायालयाने देखरेख थांबवली.

आपली पिवळी गाडी आणि तिथली खासगी शाळा यांत वंश-जातीचा फरक आहे, कायद्याचा फरक आहे. आपल्याकडे गुरुजींचा पगार राज्य देते, गावाच्या करावर शाळा चालत नाही. पण सार्वजनिक शाळेत सगळ्यांची मुले बसू लागली की वरच्यांनी तिथून उठायचे, ही रीत एकच आहे. शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांना एकत्र बसवण्याचा हुकूम काढला. राजाज्ञेने एकत्र बसवता येते. उठून जाणाऱ्याला बसवून ठेवणारी आज्ञा कुणाकडेच नाही.

आता आपल्या गावात काय पाहायचे?

सुरुवात जनरल रजिस्टरपासून करावी, असे माझे मत आहे. शाळेत सगळ्यांत जुनी, सगळ्यांत बोलकी आणि सगळ्यांत दुर्लक्षित वही तीच. गावातली शाळा साठ-सत्तर वर्षे जुनी असेल तर त्या रजिस्टरात गावाचा सामाजिक इतिहास ओळीने लिहिलेला असतो. कोणत्या सालापर्यंत एकाच आळीतली नावे आहेत, आपल्या वस्तीतले पहिले नाव कोणत्या साली आले, पहिली मुलगी कधी आली, कितवीत नाव कमी झाले, शेरा काय लिहिला. 'सतत गैरहजर' या दोन शब्दांत किती पिढ्यांचा निकाल लावला आहे ते तिथे दिसते. मुलगा गैरहजर होता, पण तो कुणाच्या म्हशीमागे होता, हे लिहायला रकाना नव्हता.

हे रजिस्टर केवळ इतिहास नाही. जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, तर विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा मागतात. तो बहुधा मिळतो आजोबाच्या शाळेच्या नोंदीत. आता ज्याच्या आजोबाला शाळेच्या पायरीवर उभे केले नाही, त्याची नोंद कुठून येणार? काल शाळेबाहेर ठेवले म्हणून आज दाखला नाही आणि दाखला नाही म्हणून पुढची शिष्यवृत्ती अडली. १९५६ नंतर कुठे 'बौद्ध' लिहिले गेले, कुठे 'हिंदू महार', ते लिहिणाऱ्या गुरुजींच्या मर्जीवर किंवा माहितीवर अवलंबून होते. १९९० साली केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती लागू केल्या, तोपर्यंत त्या एका शब्दाने किती घरांची वाट बदलली असेल! आमच्या विद्यार्थ्यांनी एका गावात मुख्याध्यापकांच्या परवानगीने जुन्या रजिस्टराच्या नोंदी वस्तीतल्या घरांशी जुळवल्या, तेव्हा दोन कुटुंबांना आपल्या पणजोबाचे नाव पहिल्यांदा कागदावर पाहायला मिळाले. मूल्यमापनाचा असाही उपयोग होतो.

दुसरी जागा जेवणाची. २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न शाळेत द्यायला लावले आणि २० एप्रिल २००४ च्या आदेशात स्वयंपाकी नेमताना दलित-आदिवासींना प्राधान्य द्यावे असे सांगितले. गावात जाऊन पाहावे, चुलीपाशी कोण आहे? आमच्या फिरतीत स्वयंपाकी बाई बहुतेक मधल्या जातींच्या आढळल्या. भांडी घासायला मात्र आपली बाई चालते. एका ठिकाणी आपल्या वस्तीतली मावशी स्वयंपाकाला आहे. तिला विचारले, मुले जेवतात का? ती म्हणाली, "जेवत्यात की सर. पर काही लेकरं घरून डबा आनत्यात. शिक्षक म्हनत्यात, पथ्य आसंल." या पथ्याची नोंद पोषण आहाराच्या कोणत्याही अहवालात सापडणार नाही.

तिसरी, शाळा व्यवस्थापन समिती. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने तिच्यात पाऊण सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया आणि वंचित घटकांचे प्रमाणशीर प्रतिनिधित्व ठेवले आहे. शाळा विकास आराखडा याच समितीने करायचा. कागदावर हे सगळे असतेच. आम्ही एका सदस्याच्या घरी गेलो. ते शेतमजूर, वय चाळिशीचे. म्हणाले, "आमचं नाव हाय म्हनं समितीत. सहीला वही घरी येती." सभेला बोलावले जात नाही, वही घरी येते! एवढ्या वाक्यात त्या गावातल्या लोकशाहीचे मूल्यमापन झाले. यात मुख्याध्यापकांना एकट्याला धरणे मला अन्यायाचे वाटते. समितीचा अध्यक्ष कोण हे गावच्या राजकारणात ठरते, गुरुजींना बदलीपर्यंत त्याच गावात दिवस काढायचे असतात. मला अक्षर शिकवले ते जिल्हा परिषदेच्या गुरुजींनीच, खासगी संस्थेने नव्हे. आजही दोन शिक्षकांत चार वर्ग ओढणारे, त्यातच मतदार याद्या, सर्वेक्षणे आणि फोनवरच्या लिंका सांभाळणारे शिक्षक मी पाहतो. रिक्त जागा भरायच्या नाहीत आणि गुणवत्तेचा जाब विचारायचा, हे सरकारला शोभत नाही. शिक्षक आपल्या समाजाचा असेल तर त्याला गावात भाड्याने खोली मिळाली का, की तो तालुक्याहून जाऊन-येऊन करतो आणि का, हेही विचारून घ्यावे. उशिरा येणाऱ्या गुरुजींवर गाव बोट ठेवते, खोली न देणाऱ्यावर ठेवत नाही.

ऊसतोडीच्या मुलांविषयी निराळे लिहायला हवे. माझी आई-वडील कोयत्यावर जात. मी आजीजवळ राहिलो म्हणून शाळेत राहिलो. आजी नसती तर वाढ्यांच्या मोळ्या बांधत बसलो असतो. आता त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहे आहेत, पण ती कधी सुरू होतात ते पाहावे. ट्रक दिवाळीत जाते. मंजुरी त्यानंतर आली तर वसतिगृह कोणासाठी? आणि सवलतींच्या रकमा पाहाव्यात. अनुसूचित जाती-जमाती, भटक्या-विमुक्तांच्या मुलींसाठी १९९२ साली रोज एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. तीस वर्षांनंतरही तो एक रुपयाच होता. मुलगी एक दिवस निंदायला गेली तर तिला किती मिळतात, हे तिच्या आईला माहीत आहे.

हे सगळे पाहायला परवानगी मिळतेच असे नाही. मुख्याध्यापक बहुधा दाखवतात. काही गावांत सरपंचाचा माणूस सोबत फिरतो आणि वस्तीतले लोक त्याच्यापुढे बोलत नाहीत, तेव्हा संध्याकाळी पुन्हा जावे. कागदांसाठी माहितीचा अधिकार आहे. समितीच्या इतिवृत्ताची वही, सदस्यांची यादी, शाळा विकास आराखडा, मंजूर आणि रिक्त पदे, हंगामी वसतिगृहाच्या मंजुरीची तारीख, मागच्या तीन वर्षांची हजेरी, एवढेच मागावे. हजेरी मागताना मुलांची नावे मागू नयेत, वर्गवार आणि प्रवर्गवार आकडे पुरतात. अर्ज पंचायत समितीच्या शिक्षण विभागातल्या जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे करावा, त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. अर्जदार दारिद्र्यरेषेखालचा असेल तर तेही लागत नाही, फक्त त्याचा पुरावा जोडावा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. अर्ज शक्यतो वस्तीतल्या पालकाच्या नावे न करता महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याच्या किंवा कार्यकर्त्याच्या नावे करावा, कारण त्या पालकाला दुसऱ्या दिवशी कामाला त्याच गावात जायचे असते.